माझे सुतक धरू नये

मी, कुमारी केसर धर्माजी घरत, वय वर्षे ५१, धंदा नोकरी (नर्स प्रॅक्टिशनर, बाळंतपण विभाग), राहणार तालुका उरण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणी हात न धरता लिहीत आहे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांना माझे मन तपासायला दोन मिनिटे लागली, त्यातले एक मिनिट ते फोनवर होते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर भिडेपोटी सगळे भावाला दिले असते, म्हणून तसा एखादा कागद निघालाच तर तो रद्द समजावा.

मला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. रिपोर्ट मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. गणपती बघेन, दिवाळीचे सांगता येत नाही.

१. हे लिहिण्याचे कारण. गेल्या महिन्यात मी हॉस्पिटलात असताना माझा सख्खा धाकटा भाऊ दयाराम आणि त्याची बायको ठमी दुपारी भेटायला आले. मी डोळे मिटून पडले होते. मला झोप लागली असे समजून दयाराम माझ्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "केसरचा आता काय खरा न्हाय. मयत झाली का वरसाचे आत रुचिताचा लगीन उरकाला लागंल, नायतं तीन वरसा थांबाला लागंल."

ठमी म्हणाली, "तिचा कालेज?"

"कालेज काय पलून जातंय? सासरी जाऊन शिकंल."

रुचिता ही त्यांची मुलगी, माझी भाची, बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सासरी जाऊन शिकलेल्या मुली मी एकतीस वर्षांच्या नोकरीत पाहिल्या आहेत. त्या पुन्हा भेटतात त्या आमच्याच विभागात, खाटेवर. माझ्या मरणाचा मुहूर्त धरून माझ्याच भाचीचे शिक्षण मोडायचा हा बेत ऐकला, आणि घरी आल्यावर पहिले काम कागद आणायचे केले.

२. घर. बंदराच्या रस्त्यालगतची तीन गुंठे जागा आणि तीवरचे माझे दोन खोल्यांचे घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. त्यात वडिलांच्या मिठागरातला एक खडासुद्धा नाही. हे घर मी रुचिताला देत आहे, पण तिचे नाव नर्स म्हणून परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत चढेल त्या दिवशी. तोपर्यंत ते माझी सहकारी मृणाल हिच्या ताब्यात राहील. माझ्या मृत्यूपासून चार वर्षांत नोंदणी झाली नाही, तर घर ग्रामपंचायतीला जाईल, आणि तिथे गावच्या नर्सबाईने राहावे.

या जागेवर दयारामचा डोळा आहे. त्याच्या मुलाला, दिपेशला, तिथे ट्रेलर उभे करायचे आहेत. मागच्या शिमग्याला दयारामने पावले टाकून ती मोजलीही, मी अंगणात बसलेली असताना. म्हणून ही अट अशी घातली आहे. रुचिता शिकली तर जागा निदान त्याच्या पोरीकडे राहते, नाही शिकली तर पंचायतीकडे जाते, आणि पंचायतीतल्या लोकांशी त्याचे वीस वर्षे बोलणे नाही. दयारामच्या बुद्धीवर माझा कधीच विश्वास नव्हता. त्याच्या लोभावर मात्र आहे. तो स्वतः तिला मोटरसायकलवरून कॉलेजला सोडील.

लग्नाला माझी हरकत नाही. परीक्षेनंतरही लग्न लागते.

३. फंड आणि बँकेतली शिल्लक यांवर रुचिताचे वारस म्हणून नाव लावले आहे. त्यातून चौथ्या वर्षाची फी भरावी. उरलेले पुढच्या शिक्षणाला. मी एएनएम (सहायक परिचारिका आणि सुईण) झाले विसाव्या वर्षी, म्हसळ्याकडच्या एका उपकेंद्रात दहा गावांची बाळंतपणे केली, मग जीएनएम, मग नोकरी सांभाळून पदवी, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी पोरींच्या रांगेत बसून नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे साधे बाळंतपण डॉक्टरांविना स्वतःच्या जबाबदारीवर करायची परवानगी. प्रत्येक पायरीवर मला कोणीतरी विचारले, की आता अजून कशाला. विचारणाऱ्यांपैकी एकानेही स्वतः काही नवे शिकलेले मला आठवत नाही. रुचिताने या प्रश्नाला उत्तर देत बसू नये.

४. माझे शाईचे पेन, टोपणासह, ज्या डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली मी नऊ वर्षे काढली त्यांना द्यावे. नाव लिहीत नाही, ते स्वतःला ओळखतील. बाळंतपण मी करायचे, टाके मी घालायचे, आणि साहेब चहा घेऊन आले की नोंदवहीत त्यांची सही. मी प्रॅक्टिशनर होऊन परत आले तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, "म्हणजे आता सिस्टर, चाव्यांचा जुडगा मोठा मिळणार का?" सगळे हसले. मीही हसले, त्याची मला अजून लाज वाटते. साहेबांच्या हाताला सहीखेरीज दुसरे काम मी पाहिले नाही, म्हणून पेन.

५. पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायचा माझा फीटोस्कोप रुचिताला. मशिने आहेत, पण वीज जाते. कान जात नाही.

६. आता ताट. दयारामच्या घरी पडवीत खुंटीला एक जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, ताट अडकवलेले आहे. ते माझे आहे. पहिल्या नोकरीवरून सुट्टीला आले तेव्हा आईने ते वेगळे काढले. बाळंतिणीचा विटाळ घेऊन येते, म्हणून मी पडवीत जेवायचे आणि ताट स्वतः घासून ठेवायचे. आई जुन्या वळणाची होती, तिला मी क्षमा केली आहे. ती गेल्यावर ठमीने हाच नियम चालवला. "सुईनीचा ताट येगलाच बरा," असे ती पाहुण्यांना सांगायची. मी स्टाफ नर्स झाले, इन्चार्ज झाले, ताट तेच राहिले.

दोन हजार चार साली ठमीला घरीच कळा सुरू झाल्या. गाडी येईना. बाळाचे डोके बाहेर आले आणि खांदा अडकला. माझ्याजवळ चार मिनिटे होती. मी दयारामला ओढून आत आणले, ठमीचे दोन्ही पाय पोटाशी दाबून धरायला लावले, आणि वरून दाब देऊन खांदा सोडवला. मुलगी निळी होती. दोन मिनिटांनी रडली. दयारामने अंघोळ केली आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवला. खरे तर दहा दिवसांचे सोयर बाप म्हणून त्याला होते. मला पडवीत वाढले.

त्या दिवशी ताट अंगणात भिरकावायला हवे होते. मी ते जेवले आणि घासून खुंटीला अडकवले. दयारामचा मला तिटकारा आहे, पण त्या दिवशीच्या केसरचा जास्त आहे.

ती निळी मुलगी रुचिता. सात वर्षांची असताना एका रविवारी ती पडवीत आली आणि माझ्या ताटासमोर बसली. आतून ठमी ओरडली, "इटाल लागंल, आत ये." रुचिता म्हणाली, "मी आत्याचेच हातात जल्माला आली ना? मंग मना पन इटाल हाय. मी हितंच जेवनार." आणि जेवली, माझ्या ताटातली चिंबोरी आधी. त्या घरात आजपर्यंत बोलले गेलेले एवढे एकच वाक्य मला अकलेचे वाटले. तिला मी नर्सिंगला घातले असे दयाराम सांगतो. तिला मी घातले नाही, ती त्या दिवशीच आली.

७. माझ्या देहाला अंघोळ मृणालने घालावी आणि अग्नी रुचिताने द्यावा. त्यानंतर दयाराम आणि त्याच्या घराने माझे सुतक धरू नये. दहा दिवस नाही, एक दिवसही नाही. सुतक घरातल्या माणसाचे असते. ज्या घराने एकतीस वर्षे मला उंबऱ्याच्या आत जेवू दिले नाही, त्या घरातले मयत मी होऊ शकत नाही. आणि मयतच नाही, तर वर्षाच्या आत लग्न उरकण्याचाही प्रश्न येत नाही. रुचिताने दुसऱ्या दिवशी वॉर्डात ड्युटीला जावे.

८. वरील ताट मी रुचिताला देत आहे. ते तिने स्वतः खुंटीवरून काढून आणावे. मी गेल्यावर जो कोणी तिच्या लग्नाची घाई करील आणि आत्याच्या मरणाचे कारण सांगेल, त्याच्यासमोर तिने हे ताट ठेवावे आणि विचारावे, की तुमच्या घरातली ही आत्या जेवायची कुठे?

हे मृत्युपत्र माझ्या हस्ताक्षरात आहे. प्रत्येक पानावर माझी सही आहे, आणि ती दुसऱ्या कोणाच्या कामावर केलेली नाही. अंमलबजावणी मृणालने करावी.

सही: केसर धर्माजी घरत

लिहून देणारीने आमच्यासमोर सही केली आणि आम्ही तिच्यासमोर केली:
१. मृणाल कडू, अधिपरिचारिका
२. विठोबा भोईर, रुग्णवाहिका चालक (दोन हजार चार साली वेळेवर न पोचलेली गाडी यांचीच. एकवीस वर्षे त्याबद्दल माफी मागत आहेत. ती आज दिली.)

ठिकाण: उरण
दिनांक: १२ मे २०२५. आज परिचारिका दिन. हॉस्पिटलातून माझ्यासाठी एक गुलाब आला आहे, तो गाईला घातला.