नारिंगी कापडाचा रिपोर्ट

वनचौकी, सातपुडा
३ मार्च २०२५

ती. नूतनताईस, कुंदनचा शि. सा. न. वि. वि.

माझ्यासोबत वणवा विझवणाऱ्या भटूच्या खांद्याला चिकटलेलं कापड निघालं, सोबत तळहाताएवढी कातडीही. ज्वाळा त्याला लागलीच नव्हती, असं तालुक्याच्या डॉक्टरांनी काल मला सांगितलं. नुसती ठिणगी पडली आणि गणवेशाचा नारिंगी टी-शर्ट वितळला. मी शेजारीच हिरव्या फांदीने गवताची आग झोडपत होतो.

वणव्यात घालायच्या कपड्यांवरची तू पाठवलेली दोन पानं जानेवारीत चौकीच्या साहेबांना दिली होती. ते म्हणाले, हे संशोधन परदेशातल्या वणव्यांचं, आपल्याकडे नुसतं गवत जळतं. फुकट मिळालेल्या गणवेशाला नावं ठेवू नकोस, असंही म्हणाले. तो घातला नाही तर हजेरी लागत नाही.

इथे रेंज नाही, म्हणून पत्र सुरतच्या बसवाल्याकडे देतोय. राग कर, पण लोभ कमी करू नकोस.

कुंदन

कोसाड, सुरत
७ मार्च

चि. कुंदन यास अ. उ. आशीर्वाद.

रागावलेच आहे. आठवडाभर जेवणाची सुट्टी घालवून, अडलेले इंग्रजी शब्द लॅबमधल्या रुपालीला विचारून ती पानं मराठीत उतरवली. पहिल्याच ओळीत होतं, वणवा विझवणाऱ्याच्या अंगावर पॉलिस्टर नको. याला परदेश कशाला लागतो? पलसाण्याच्या कापड तपासायच्या लॅबमध्ये अकरा वर्षं मी धागे पेटत्या काडीवर धरतेय. सुताची राख होते. पॉलिस्टरचा काळा मणी होतो, आणि तो बोटाला लागला की सोलून काढावा लागतो.

तूही काही कमी नाहीस. दिवाळीत सुती शर्ट दिला, तर सुरतेहून हेच आणलं का म्हणून तोंड वाकडं केलंस. आता तोच घाल.

आणि तो टी-शर्ट पास करणाऱ्या शहाण्याचं नाव साहेबांना विचार. मला त्याला चार ओळी लिहायच्या आहेत.

भटूला जप. तुझं पत्र येईपर्यंत माझी माया आणि चिडचिड दोन्ही तशीच.

ताई

वनचौकी
१२ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

नाव विचारलं. साहेबांनी कपाटातून रिपोर्ट काढला. खाली सही तुझी आहे.

ते हसून म्हणाले, आता तुझ्या ताईचा कोणता कागद खरा धरू? भटू अजून पालथाच झोपतो. सुती शर्टामुळे माझ्या तीन हजेऱ्या गेल्या. काहीतरी लिही, ताई. तू शाळेत माझी वही तपासायचीस, तेव्हा एक चूक सुटायची नाही.

लोभ आहेच, तो विचारायचा नसतो.

कुंदन

कोसाड
१६ मार्च

चि. कुंदन यास आशीर्वाद.

सही माझीच. लॉट नोव्हेंबरचा. फॉर्मवर चार रकाने होते: रंग, आटणं, ताण, घाम. चारही पास. कापड कुठे जाणार ते कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. इतके दिवस तुझ्या साहेबांवर चिडले, आणि कागद माझाच निघाला.

काल त्याच लॉटचा राखून ठेवलेला तुकडा जाळला. रिपोर्टवर हाताने पाचवा रकाना आखला, मणी तिथेच चिकटवला आणि लिहिलं: आगीजवळ वापरण्यास नापास. सही तीच. मागितला नसताना हा कागद बनवला, म्हणून लॅबचे शेठ भडकतील. त्यांना उद्या सांगते.

रिपोर्ट बसने पाठवत नाही. रविवारी स्वतः घेऊन येते. सोमवारी साहेब हजेरीला आले, की जुना नि नवा, दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवीन, आणि काडीपेटी. पण त्याआधी भटूला भेटायचंय. सही कुणाची होती, ते त्याला तू सांगू नकोस. मी सांगेन.

तोवर सुती शर्ट अंगातून काढू नकोस.

ताई