सीट दोन इंच खाली

आई,

आज तुझी सायकल कसब्यात चाचांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात नेली होती. खराडीहून निघून जवळजवळ अख्खं पुणं ओलांडून गेले, तेही गुडघा सुजलेला असताना. शहाणपणाचं काम नव्हतं, पण मला शहाणपण सुचतं तेव्हा उशीर झालेला असतो हे तू फार आधी सांगून ठेवलं आहेस. आता घरी येऊन बसले आहे. सायकल गॅलरीत भिंतीला टेकवली आहे आणि इथून तिची सीट दिसते. सकाळी होती त्यापेक्षा ती दोन इंच वर आहे. एवढ्याशा कामाला मला चौदा वर्षं लागली, आणि ती का लागली हे फक्त तुलाच सांगण्यासारखं आहे. म्हणून लिहिते.

आमच्या इथे एक सायकल ग्रुप आहे. बहुतेक सगळे आयटीवाले, माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान, सायकली माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा महाग. रविवारी पहाटे निघायचं, कुठेतरी इडली खायची, आणि उरलेला आठवडा मोबाइलवर एकमेकांना सल्ले द्यायचे. चेनला कोणतं तेल, चढाला कोणता गिअर, पाणी किती, केळं कधी. मी त्यांना तुझे किस्से सांगते. प्रसूतिगृहातली नर्स, इस्त्रीची सुती साडी, निऱ्यांना दोन पिना, पदर खोचलेला, काळी लेडीज सायकल आणि पुढच्या बास्केटमध्ये डबा. रविवारी तुम्ही चौघी बायका खडकवासल्याला जायचात तेही सांगते. तुमचे नियम तर त्यांना पाठ झाले आहेत: चढावर बोलायचं नाही, उतारावर बोलायचं नाही आणि सपाटीवर नवऱ्याविषयी बोलायचं नाही. मग आपल्याकडे येऊन पोहे. पोहे होईपर्यंत तू ओट्यावर ब्लडप्रेशरचं मशीन मांडून एकेकीचा दंड पकडायचीस. "मीठ कमी कर, नाहीतर पुढच्या रविवारी तुझ्याऐवजी तुझा फोटो न्यावा लागेल," असं तू एकीला म्हणाली होतीस आणि ती हसता हसता रडायला लागली होती. सगळ्यांचं मोजून झालं की मशीन गुंडाळून कपाटात जायचं. तुझं स्वतःचं मोजताना मी तुला कधी पाहिलं नाही, आणि 'तुझं किती?' असं विचारायचं मलाही कधी सुचलं नाही.

तू मला सायकल शिकवलीस तो दिवस आठवतो. मी दहा वर्षांची आहे, नदीपात्रातल्या रस्त्यावर सकाळचं ऊन आहे, आणि मी हट्ट धरून बसले आहे की सीट खाली कर, माझे पाय टेकत नाहीत. तू पाना काढतेस. मला वाटतं, जिंकले. तू सीट आणखी बोटभर वर घेतेस, नट आवळतेस आणि म्हणतेस, "पाय टेकवतच जायचं असेल तर चालत जा की. सायकलला कशाला त्रास?" मी भोकाड पसरते. तू डोळे पुसत नाहीस, समजूत काढत नाहीस, मागून कॅरिअर धरून उभी राहतेस. "हे बघ, सीट खाली घ्यायची ती भीती वाटते म्हणून. दुसरं काही कारण नसतं. आणि खाली घेतली की गुडघे जातात. गुडघे गेले की बाई घरात बसते." त्या वयात मला गुडघ्यांचं काय! मी फक्त रागावले होते. पण संध्याकाळपर्यंत सायकल यायला लागली होती, आणि पुढे माझी उंची तुझ्याइतकी झाल्यावर तुझी सायकल मी हवी तेव्हा पळवायला लागले. आपल्या चपलासुद्धा एकाच मापाच्या होत्या. सीटला हात लावायची गरज कधी पडली नाही.

मी भूगर्भशास्त्र शिकले आणि ऑफशोअर नोकरी घेतली तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी तुला समजावलं, मला नाही. मुलगी, आणि समुद्रात? तेलाच्या विहिरीवर? शंभर पुरुषांत? तू त्यांना चहा दिलास आणि म्हणालीस, "पोहता येतं तिला." विषय संपला. निघताना तू मला एक पाना दिला होतास, तुझ्या सायकलचाच. रिगवर त्याचा काय उपयोग हे तुलाही माहीत नव्हतं. अजून माझ्या बॅगेत आहे. काम तुला मी दहादा समजावलं होतं: खाली खोदताना दगडाचा जो चुरा वर येतो तो धुवायचा, भिंगाखाली बघायचा आणि कोणता थर लागला ते सांगायचं. तू म्हणायचीस, "म्हणजे खडे निवडणं. ते घरी नाही केलंस कधी." अठ्ठावीस दिवस समुद्रात, अठ्ठावीस दिवस घरी. तिथे फावल्या वेळात कुणी कॅरम खेळतं, कुणी गळ टाकून बसतं. मी व्यायामाच्या खोलीतली जागेवरची सायकल चालवते. तिच्या सीटला भोकं आहेत, आकडे टाकलेली. मी न बघता सातव्या भोकात घालते आणि तिथे माझा गुडघा कधी दुखत नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागेल. तू होतीस तेव्हा फोन सॅटेलाइटचा होता, रेडिओ रूममध्ये, माणशी पाच मिनिटं. संध्याकाळी दाराबाहेर रांग लागायची आणि मागचा माणूस घसा खाकरायला लागला की आपण समजून घ्यायचं.

तू गेलीस तेव्हा मी तिथेच होते. सकाळी ओट्यापाशी पडलीस, दुपारपर्यंत सगळं संपलं. हवा खराब होती, हेलिकॉप्टर दोन दिवस उडालं नाही. मी पोचले तेव्हा घर पुसून झालेलं होतं आणि बायका हळू आवाजात बोलत होत्या. डॉक्टर म्हणाले, प्रेशर कित्येक महिने चढलेलं असणार, चक्कर येत असणार, त्या काही बोलल्या नव्हत्या का? मी म्हटलं, नाही. मग मी जिन्याखाली गेले. तुझी सायकल उभी होती, पुसलेली, हवा भरलेली. मी तिच्यावर बसले आणि लगेच उतरले. त्यानंतर मी ती सायकल खराडीला आणली, चालवत राहिले, पण सीट होती तशीच ठेवली. कुणी विचारलं तर सांगायचे, "आईची उंची आहे, बदलायची नाही." ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे. ग्रुपवर लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मी ती घेतली, आई. एकालाही नाही म्हटलं नाही.

या वर्षी गुडघ्याने फारच छळायला सुरुवात केली. रिगवर दिवसातून तीस वेळा लोखंडी जिने चढायचे-उतरायचे, आणि उतरताना तर डोळ्यांपुढे तारे. पुढच्या आठवड्यात माझी मेडिकल आहे. त्यात डॉक्टर उठाबशा काढायला लावतात आणि फॉर्मवर विचारतात, सांध्यांचा त्रास आहे की नाही. गेल्या वेळी मी 'नाही'वर खूण केली होती आणि दात दाबून उठाबशा काढल्या होत्या. नापास झाले तर समुद्र संपला. ऑफिसात बसून दुसऱ्यांनी पाहिलेल्या खड्यांचे तक्ते भरायचे. म्हणून शेवटी ग्रुपवर विचारलं, गुडघ्यासाठी काय करावं? अर्ध्या तासात चाळीस सल्ले. हळद, पट्टा, पोहणं, वजन. मग एका मुलाने माझा चालवतानाचा फोटो कुठल्याशा अॅपमध्ये घालून लिहिलं, "ताई, तुमची सीट कमीत कमी दोन इंच खाली आहे. शंभर टक्के तेच कारण." मी नेहमीचं उत्तर दिलं, आईची उंची आहे. त्यावर तो बिचारा साधेपणाने लिहितो, "ओह. मग काकूंचेही गुडघे खूप दुखत असतील ना?"

माझं डोकंच फिरलं. तुझे गुडघे! चार मजले डबा घेऊन चढणारी बाई तू. मी तडातडा लिहायला घेतलं की माझ्या आईचे गुडघे कधीही दुखले नाहीत, कारण तिची सीट नेहमी, आणि तिथे माझं बोट थांबलं. सगळं खोडलं. चांगल्या मनाच्या मुलाने चाळीस लोकांसमोर तुझ्यावर आळ घेतला होता आणि तो माझ्यामुळे घेतला होता. रात्र कशी तरी काढली आणि आज सकाळी निघाले.

चाचा म्हातारे झालेत, पण जीभ तशीच आहे. दुकानही तसंच, एका माणसाला वाकता येईल एवढं. मला बघून म्हणाले, "या. चौदा वर्षांत पंक्चर झालंच नाही म्हणायचं." इतकी वर्षं मी मुद्दामच तिकडे फिरकले नव्हते. तुझी सायकल त्यांच्या हाताखालची, त्यांना एका नजरेत कळलं असतं. आणि कळलंच. त्यांनी सीटवर तळवा ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही सिस्टरची सीट नाही." सीटखालचा दांडा गंजून नळीत घट्ट बसला होता. त्यांनी तेल सोडलं, तासभर ठेवलं, आम्ही चहा प्यायलो, त्यांनी त्यांची दोन्ही मुलं तुझ्या हातावर कशी झाली ते पुन्हा सांगितलं. मग हातोडीचे हलके ठोके आणि कर्र करत दांडा बाहेर. त्यांनी तो फडक्याने पुसून उजेडात धरला. त्यावर दोन खुणा होत्या. "ही बघा. ही खोल गेलेली खूण सिस्टरची. बावीस वर्षं नट इथेच आवळला मी. आणि ही दुसरी, सीट खाली घेतल्यावरची. ही कुणाची?"

मी म्हटलं, "माझी. मीच खाली घेतली."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "सिस्टरच्या पोरीने? सीट खाली? अहो, त्यांनी बघितलं असतं तर तुम्हाला चालत घरी पाठवलं असतं." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. खरं सांगू, फार बरं वाटलं. त्यांच्या लेखी तू कधी घाबरली नाहीस, आणि ते तसंच राहू दे. त्यांनी दांडा तुझ्या खुणेवर आणला, मी बॅगेतून तुझा पाना काढून दिला. त्यांनी तो ओळखला आणि त्यानेच नट आवळला.

परत येताना सिग्नलला माझे फक्त चवडे टेकत होते. एक रिक्षावाला म्हणाला, "मावशी, पडाल." मी पडले नाही. घरी आल्यावर लेकीने विचारलं, "दुखतंय का गं?" ती अकरा वर्षांची आहे, तू तिला पाहिलेलं नाहीस. रिगवरून व्हिडिओ कॉल केला तरी ती हेच विचारते आणि मी दर वेळी म्हणते, "छे, मस्त आहे." आज म्हटलं, "हो. दुखतंय. पुष्कळ दिवसांपासून." ती फ्रिजमधून बर्फ घेऊन आली, टॉवेलात गुंडाळून गुडघ्यावर दाबला आणि तुझ्याच आवाजात ओरडली, "मग आधी सांगायला काय झालं होतं?" मेडिकलचा फॉर्म टेबलावर आहे. या वेळी खरी खूण करणार आहे. पुढचं पुढे.

आता तो फोन. तू जाण्याआधी तीन आठवडे. त्या खेपेला मी पहिल्यांदाच एकटी जबाबदार होते, आणि बाई किती दिवस टिकते यावर जेवणाच्या टेबलावर थट्टा चालायची. तू विचारलंस, जेवतेस ना? मी म्हटलं, हो. मग तू थांबलीस. फोनवर थांबणारी बाई नव्हतीस तू. म्हणालीस, "सायकलची सीट जरा खाली घेतली गं. पाय टेकलेले बरे वाटतात." दुसऱ्या कुणाच्या आईने 'मला दवाखान्यात ने' म्हणावं तसं ते होतं, आणि मला ते तिथल्या तिथे कळलं. पण विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि सांगितलं असतंस तर मला घरी यावं लागलं असतं. बाई होती, घरचा फोन आला आणि निघाली, असं ते म्हणाले असते. मी म्हटलं, "बरं केलंस. ठेवू का? मागे रांग आहे." तू लगेच म्हणालीस, "ठेव, ठेव. लोकांना ताटकळत ठेवू नकोस."

सीट मी तुझ्या आठवणीसाठी तशी ठेवली नव्हती. ती वर घेतली की तू ते बोललीच नव्हतीस असं झालं असतं, आणि तेवढं तरी माझ्या हातून व्हायला नको होतं. हे पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं, कारण 'कामावर होतीस, त्यात काय एवढं' असं तू लगेच म्हणशील आणि ते मला ऐकायचं नाही. पण एक गोष्ट तुझ्याशी खोटी बोलले ती राहिली आहे. मी दार उघडून बाहेर आले तेव्हा रेडिओ रूमबाहेर रांग नव्हती. आत बोलत असतानाही मला ते काचेतून दिसत होतं. मागे कुणीच नव्हतं, आई.