आंदणाची नाव रंगवण्यापूर्वी

पूर्णाकाठ, तालुका मलकापूर
ज्येष्ठ शु. ५, शके १८५२

राजमान्य राजश्री भगवंतराव यांस,

इंद्रभान याचा नमस्कार. आपले गुडघे, सौ. मनकर्णाबाईंचा खोकला आणि आपली मारकी म्हैस ही तिन्ही आटोक्यात असावीत, अशी अपेक्षा करतो. माझी प्रकृती ठीक आहे. (स्वयंपाक मीच करतो, तेव्हा ‘ठीक’ हा शब्द विचारपूर्वक योजला आहे.)

पत्रास कारण, आपल्या कैलासवासी तीर्थरूपांनी आम्हांस आंदण दिलेली नाव. आपली बहीण सत्यभामा दर नागपंचमीला तिच्यातून पूर्णा ओलांडून माहेरी येई, आणि निघताना मला म्हणे, “एक डाव तरी चाला ना माह्या गावाले.” मी कोर्टाच्या तारखांची सबब सांगत असे. एकवीस वर्षे सांगितली. गेल्या कार्तिकात ती गेली. यंदा पंचमीला त्याच नावेतून, नाव नीट रंगवून, आपल्या गावी यावे असा मी निश्चय केला आहे.

रंगाच्या डब्यावरील सूचना मी दोनदा वाचल्या. पृष्ठभाग निर्मळ व कोरडा असावा, असे तेथे म्हटले होते. पदवीधर असल्याने मी त्यावर विश्वास ठेवला. नाव काठावर ओढून घेतली, आतला गाळ उपसला, फळ्या सोड्याच्या कढत पाण्याने धुतल्या, विटेच्या तुकड्याने घासल्या. (गाळात चिंचोके निघाले, पुष्कळच. वाटेत ती चिंचा खात असे, हे मला ठाऊक नव्हते.) सांध्यांत मात्र काळा, चिवट मळ होता. तो मी तीन दिवस खुरप्याच्या टोकाने खरवडला आणि चौथ्या दिवशी निवृत्ती नावाड्यास, खरे सांगायचे तर कौतुक करून घेण्यासाठी, बोलावले.

तो आत वाकला. सांध्यांतून पलीकडचे ऊन त्याच्या तोंडावर पडले.

“वकीलसाहेब, हा मळ नोहोय, राळ होती! बाई दरसाल सोता उभ्या राहून भरून घेत. आता नाव नाई राह्यली, पीठ चाळाची चायनी झाली.”

डब्यावर राळेचा उल्लेख नाही, हे मी त्याच्या निदर्शनास आणले.

“डब्ब्याले थोडंच पल्याड जा लागते!”

मग त्याने बसून बसून गुळगुळीत झालेली एक फळी दाखवली. “बाई जातानी म्होरं पाहे, येतानी मांगं. तोंड आपलं माहेराकडंच.” आयुष्यात प्रथमच मी उलटतपासणी न घेता साक्ष मान्य केली. ती फळी रंगवणार नाही.

वडीलधाऱ्यांस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आपला,
इंद्रभान

ता. क. राळ, तेल व सुतळी मिळाली. निवृत्ती सांधे पुन्हा भरत आहे. मला वीस हात दूर उभे राहण्याची परवानगी आहे. नाव पंचमीपर्यंत तरेल. अडचण नावेची नाही.

पुन्हा ता. क. अडचण अशी, की पत्नीच्या पश्चात जावयाने सासुरवाडीस आपण होऊन जावे, याला कोठे आधार सापडत नाही. पंचमीला बहिणीस न्यायला आपण मुराळी होऊन येत होता, आणि मी कागदांतून मान वर न करता ‘बरे’ म्हणत असे. यंदाही यावे. न्यायचे आहे ते मला. सामान बांधून ओट्यावर बसेन.