चाकांची अंघोळ

आदरणीय पुंजाजीमामांना अनुपचा सप्रेम जय भीम.

इकडे आई बरी आहे. तिची साखर आटोक्यात आहे (लग्नाची पंगत दिसेपर्यंत). शालूमामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, की अजून डॉक्टरच बदलणं सुरू आहे? अकोल्याच्या उन्हात त्यांना फार फिरवू नका.

विषय आमच्या नगरपरिषदेच्या सांडपाणी केंद्राचा आहे. तुम्ही तिकडे कॉलनीचं केंद्र चालवता, म्हणून तुम्हालाच सांगतो. घरात हे काढलं की तुमची सूनबाई नीलम ताट उचलून आत जाते. गाव वाढलं, मैला वाढला, नव्या टाकीला जागा नाही. म्हणून जुन्याच टाकीत बाटलीच्या बुचाएवढी प्लॅस्टिकची चाकं सोडली. खालून हवा सोडली की चाकं घुसळत राहतात, त्यांच्यावर जंतू घर करतात आणि घाण खातात. दीडेक महिन्यात चाकांवर छान तपकिरी, बुळबुळीत थर धरला. पाणी इतकं निवळ निघालं की मी आणि आमचा पंपवाला जहीर ते ग्लासात घेऊन उन्हात धरून पाहायचो (प्यायलो नाही).

मग उद्घाटन ठरलं. नगराध्यक्ष खुशालराव आदल्या दिवशी पाहणीला आले, टाकीत डोकावले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"चाकं नवीन घेतली ना? मंग एवढी घाण काहून?"

मी म्हटलं, भाऊ, ही घाण नाही, काम करणारे जंतू हेच.

"पाहुणे काय जंतू पाह्याले येऊन राहिले?"

जहीर म्हणाला, "भाऊ, हे धुतलं तं सारे मरतीन." पण एका सहीला महिना लावणाऱ्या आमच्या मुख्याधिकारी साहेबांनी तोवर ब्लीचिंग पावडरीची पोती उतरवूनही घेतली होती. संध्याकाळपर्यंत चाकं दुधासारखी पांढरी झाली. दुसऱ्या दिवशी फीत कापली, फोटो निघाले, केंद्र कसं नव्यासारखं दिसतं म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मीही टाळ्या वाजवल्या, मामा. जहीरने त्या दिवशी डबा उघडला नाही.

आठवडाभरात वास सुटला. नाल्याखालच्या मोहल्ल्यातल्या रजियाबी दोनदा तक्रार देऊन गेल्या. साहेबांनी त्यांना सांगितलं, वास तुमच्या मनात आहे. मग वारा फिरला. केंद्राच्या भिंतीपलीकडे खुशालरावांचं लॉन आहे आणि येत्या रविवारी तिथे त्यांच्याच मुलीचं लग्न आहे. मांडववाला दोर सोडून पळाला, तेव्हा कुठे वास मनातून बाहेर आला.

खुशालराव नाकाला दुपट्टा लावून स्वतः आले. एरवी मला 'ए इंजिनिअर' म्हणतात. आज 'अनुपभाऊ' झालो. म्हणाले, "ते जंतू कुठं भेटतात? दोन कट्टे बोलावून घ्या." मी सांगितलं, ते पोत्यात भरून येत नाहीत, वाढवावे लागतात. साहेब म्हणाले, टेंडर काढू. जहीर म्हणाला, "टेंडर लग्नानंतर काढा साहेब. सध्या कोनाले तरी मांगूनच आना लागन."

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
अनुप

ता. क. : तुमच्या टाकीतला एक टँकर जिवंत, जंतूंनी भरलेला गाळ हवा आहे. हे पत्र घेऊन आलेला जहीर टँकर फाटकाबाहेर लावूनच आत आला असेल. त्याला आधी जेवू घाला.

ता. क. २ : चाकांवर पुन्हा थर धरायला रविवार पुरणार नाही, हे मी खुशालरावांना सांगितलेलं नाही. वास थोडा कमी होईल. उरलेला अत्तरवाल्यावर सोडला आहे. पण रजियाबींच्या मोहल्ल्याला अत्तर कोण पुरवणार, म्हणून गाळ पाठवाच.

ता. क. ३ : साहेबांनी तुमचा नंबर घेतला आहे. 'गाळ जरा स्वच्छ पाहून द्या' असं सांगायला फोन करतील. हो म्हणा, आणि घाणच पाठवा.