मॅडमच्या मापाचा कोट

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल एटापल्लीला मुलाखत देऊन आले. अंग अजून एसटीतच हिंदकळतंय. आलापल्लीच्या पुढे रस्ता म्हणजे नुसते खड्डे, समोरून खाणीचे ट्रक. काच लावून बसले तरी केसांत लाल धूळ. बाबांनी दुकान बंद ठेवून सोबत यायचं ठरवलं तेव्हा चिडले होते. तेहतीस वर्षांची बाई मुलाखतीला बापाला घेऊन जाते का? येताना त्यांच्याच खांद्यावर डोकं टाकून झोपले, ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे सांगणार नाही.

मुलाखत बरी झाली. बरी म्हणजे चांगलीच. दवाखाना लहान, जंगलाला लागून. औषधाची खोली, म्हणजे मिळालंच तर माझं काम तिथलं, लख्ख. मॅडम (तिथल्या मुख्य डॉक्टर, ठेंगण्या, आवाज मात्र खणखणीत) म्हणाल्या, "गोळी दिवसातून दोनदा, हे घरात घड्याळ नसलेल्या माणसाला कसं सांगाल?" मी म्हटलं, एक कामावर निघायच्या आधी, एक घरी परत आल्यावर. त्या हसल्या. घुग्घुसच्या मेडिकलमध्ये इतकी वर्षं उभी आहे, गोळ्यांचा पत्ता काढा, कापून द्या, पैसे घ्या. असलं काही मला कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं याचंच बरं वाटलं.

मी आत होते तेव्हा बाबांना मॅडमनी मेसमध्ये नेऊन जेवू घातलं. भात, वरण, कोहळ्याची भाजी. परतीच्या वाटेवर बाबांचं तेच चालू होतं, "आपल्या हातानं वाढलं वं त्यायनं. एवढी मोठी डॉक्टर."  मग, "कोटाचा खिसा फाटला हाय त्याहिचा. पेनं लटकून राह्यले होते." टेलरची नजर, जाईल कुठे?

१३ नोव्हें., गुरुवार

मनीषाचा फोन. मावसबहीण, नागपूरला कंपनीत माणसं भरती करते, त्यामुळे या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. "आभाराचा मेल टाकला का? काऊन नाई टाकला? टाकाच लागते."

आधी नेटवरून इंग्रजी उतरवला. आपल्या संस्थेच्या ध्येयाने मी भारावून गेले वगैरे. वाचून माझी मलाच लाज वाटली. पुसला आणि मराठीत चार ओळी लिहिल्या. वेळ दिलात, प्रश्न मनापासून विचारलेत, वडिलांना जेवू घातलंत, आभारी आहे. काम मिळालं तर मन लावून करीन.

बाबा मशीनवरून विचारतात, "काय लिहून राह्यली?"

"मॅडमचे आभार मानतेय."

"जेवलो तं मी. आभार तू काऊन मानून राह्यली?"

हसले आणि पाठवून टाकला.

१४ नोव्हें., शुक्रवार

बस चुकता चुकता राहिली. सकाळी निघण्याआधी बाबांच्या सुया ओवून ठेवायच्या असतात. दोन वर्षं झाली, त्यांना सुईचं नेढं दिसत नाही. शिवण दिसते, नेढं दिसत नाही. म्हणून मी दिवसभराच्या सुया दोरे ओवून उशीला टोचून ठेवते, मग घुग्घुसची बस पकडते. आज म्हणाले, पांढऱ्या जास्त ओव. लग्नसराईत पांढरं कोण शिवतंय? विचारायला वेळ नव्हता.

एटापल्लीला गेले तर या सुया कोण ओवणार, हा विचार बसमध्ये पहिल्यांदा आला. आधी यायला हवा होता. आई असती तर

जाऊ दे.

१६ नोव्हें., रविवार

रविवार म्हणजे माझा काज-बटणाचा दिवस. आई गेल्यापासून हातकाजं माझ्याकडे आहेत. बाबांची कटाई, माझी काजं, असंच चालतं. आज म्हणाले, "काई नाई आज. झोप तू." दुकानात ढीग पडलेला आणि म्हणे काही नाही. पण झोपले. दुपारी उठले तर रफिकभाईंकडचा चहा उशाशी, झाकून ठेवलेला. रफिकभाई म्हणजे शेजारचे प्रेसवाले, इस्त्री करणारे. आमच्या दुकानाला आणि त्यांच्या दुकानाला मधली भिंत एकच आहे आणि चहाची केटली पण एकच.

इतका लाड कशासाठी, कळलं नाही. छान वाटलं एवढं खरं.

१८ नोव्हें., मंगळवार

आठवडा झाला. मनीषा म्हणते आता फोन करायचा, नम्रपणे, घाई दाखवायची नाही. घाई तर आहे. मेडिकलच्या सेठनी आज पक्कं सांगितलं, दुकान विकलं, डिसेंबरपर्यंतच. नवा मालक स्वतःचा माणूस आणणार. सेठ चांगले आहेत, सांगताना त्यांनाच वाईट वाटत होतं. मुलाखतीसाठी विचारताच सुट्टी दिली होती, "जा बेटा, चांगलं काम भेटते तर जा." त्यांच्यावर राग धरता येत नाही.

म्हणजे आता ही नोकरी नाहीतर पुन्हा कुठल्यातरी काउंटरवर पत्ता कापणं. दुसरं मला नको आहे. इथे स्पष्ट लिहिते. मला तिथलंच काम हवं आहे.

दवाखान्याच्या ऑफिसात फोन लावला. मडावीभाऊ म्हणून आहेत, त्या दिवशी त्यांनीच कागद तपासले होते. रेंज येत-जात होती.

"ताई, नेट बंद हाय आठवड्यापासून. रस्त्याच्या कामात केबल तुटला. मेल कोणाचाच नाई दिसून राह्यला."

"मॅडम आहेत का?"

"कॅम्पले गेल्या. आल्या का सांगतो मी. तुमचं नाव ध्यानात हाय माह्या."

एवढं बोलले तरी खूप झालं. इतर ठिकाणी फोन उचलत पण नाहीत.

२० नोव्हें., गुरुवार



दुपारी काउंटरवर गर्दी असताना मडावीभाऊंचा फोन. "ताई, तुमचा कोट पोचला बरं."

कोणता कोट?

"पांढरा. मॅडमसाठी पाठवला ना तुम्ही. कंडक्टरनं आणून दिला."

त्यांनीच सांगितलं, कॉलरला बाबांच्या दुकानाचं लेबल आहे. वर नेहमीप्रमाणे नावाची चिंधी टाचलेली, प्रत्येक शिवलेल्या कपड्याला टाचतात तशी. चिंधीवर लिहिलेलं, "नंदाची मॅडम".

आता सगळं लागलं. जास्तीच्या पांढऱ्या सुया, रविवारची झोप. रफिकभाईंची एटापल्लीच्या गाडीवाल्या कंडक्टरशी ओळख आहे, पार्सल त्यांनीच चढवलं असणार. माझा आभाराचा मेल केबलमध्ये अडकला आणि बाबांचा कोट एसटीने जाऊन पोचला.

निकाल लागायच्या आधी मुलाखत घेणाऱ्या बाईंना शिवलेला कपडा. याला काय म्हणतात ते बाबांना मी घरी आल्या आल्या सांगितलं. आवाज चढवून सांगितलं.

बाबा टेप गळ्यात तसाच ठेवून उभे. "मी काय लाच देऊन राह्यलो का? त्याहिनं जेवू घातलं. फाटका खिसा दिसला. टेलरनं काय कराव?"

मी अजून ओरडले.

२१ नोव्हें., शुक्रवार

सुया ओवून तशीच निघाले. रफिकभाई इस्त्री थांबवून दारात आले. "बेटी, गुस्सा माह्यावर कर. पार्सल म्या देल्लं. मास्तर तं काजं करता करता दोन रात्री कुढत होते, नीट जमून नाई राह्यले म्हणून."

काजं बाबांनी स्वतः केली! दिसत नसताना.

बसमध्ये रडले. शेजारच्या बाईनं काही न विचारता खिडकीची जागा दिली. तिचं नाव पण विचारलं नाही मी.

२२ नोव्हें., शनिवार

मॅडमचा फोन, स्वतः. मी मेडिकलच्या मागच्या खोलीत जाऊन, खोक्यांमध्ये उभी राहून बोलले.

"नंदाताई, तुमचं नाव शेवटच्या दोघींत आहे. दुसऱ्या अहेरीच्या आहेत. कोट मी ठेवू शकत नाही, परत पाठवतेय. आणि निवड समितीला हे सांगावंच लागेल, लपवून चालणार नाही. तुम्ही चार ओळी लिहून द्या, काय झालं ते."

"हो मॅडम."

मग म्हणाल्या, "वडिलांना रागावलात?"

"हो."

"हं," म्हणाल्या. एवढंच.

त्यांना राग आलेला नव्हता. निदान आवाजात नव्हता. कडक आणि सरळ. अशा बाईच्या हाताखाली काम करायचं आहे मला.

२३ नोव्हें., रविवार

मनीषा म्हणते सोपं आहे, लिही की मला काही कल्पना नव्हती, वडील अडाणी आहेत, माफ करा. पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं माझ्या हातून उतरेना. बाबा समोर बसून काजाचा दोरा मेणावर ओढत होते, आणि मी त्यांना कागदावर अडाणी लिहू? त्यापेक्षा नोकरी अहेरीच्या बाईला जाऊ दे. (असं लिहिलं खरं, पण नोकरी मलाच हवी आहे.)

शेवटी लिहिलं ते असं: कोट वडिलांनी मला न सांगता पाठवला. मला माहीत असतं तर आता पाठवू नका म्हटलं असतं. पण त्यांनी तो नोकरीसाठी शिवला नाही. तुम्ही जेवण वाढलंत आणि तुमचा खिसा फाटलेला दिसला म्हणून शिवला. त्यांना आभार मानायची एवढीच रीत येते. निर्णयात याचा जो विचार करायचा तो करावा, माझी तक्रार नाही.

बाबांना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "ठीक हाय." मग ढिगातली चार शर्टं माझ्याकडे सरकवली. काजं केली मी. संध्याकाळपर्यंत दोघं तसेच बसून काम करत होतो. या घरात माफी अशीच मागतात.

मेलचा भरवसा नाही म्हणून कागद त्याच कंडक्टरच्या हाती. रफिकभाईंनीच दिला. गेल्या वेळेपेक्षा छाती जरा जास्त फुगवून.

२६ नोव्हें., बुधवार

कोट आला. मडावीभाऊंचा आधी फोन, "ताई, राग नका मानजा, नियम हाय म्हणून पाठवला. मॅडमनं अंगाले लावून पाह्यला पण. लय ढगळ होते. लांब पण होते. हसल्या त्या."

बाबांचा चेहरा पडला. परत आला म्हणून नाही, माप चुकलं म्हणून. आयुष्यात डोळ्यानं घेतलेलं माप चुकलं नव्हतं म्हणे. टेबलावर पसरून खांदा मोजला, बाही मोजली. मी काजं पाहिली. वाकडीतिकडी, एक तर बटणापेक्षा मोठं. खिसा मात्र दुहेरी शिवणीचा, बैल ओढला तरी फाटणार नाही असा.

बटणं लागतात का पाहावं म्हणून मी कोट अंगात घातला.

खांदा खांद्यावर. बाही मनगटावर. लांबी जिथे हवी तिथे.

बाबा बघतच राहिले. रफिकभाई दारातून म्हणाले, "मास्तर, हे तं आपल्या नंदीचं माप हाय."

लहानपणापासून बाबांनी माझेच कपडे शिवले. शाळेचा गणवेश, कॉलेजचे कुर्ते. नजर मॅडमवर होती, हात आपल्या सवयीच्या मापावर गेला. मला हसू पण आलं आणि डोळे पण भरले. बाबांना मिठी मारली. कधी मारते मी? टेप टोचला गळ्याला.

कोट काढून ठेवला. आत्ता घालायचा नाही.

२८ नोव्हें., शुक्रवार

गोल बाजारात सुई ओवायचं पत्र्याचं छोटं यंत्र मिळालं. बाबांना शिकवलं. पहिल्यांदा फेकून दिलं. मग रफिकभाईंनी उचलून स्वतः ओवून दाखवलं, म्हणाले, "तू जा निर्धास्त. याले नाई जमलं तं म्या हाय." जायचं कुठे ठरलंय अजून? पण दोघांनी आपसात ठरवून टाकलंय. ही माणसं नसती तर मी मुलाखतीचा अर्जसुद्धा केला नसता.

मडावीभाऊंना फोन केला. समिती सोमवारी बसणार. माझा कागद सगळ्यांना वाचून दाखवणार असं मॅडम म्हणाल्या, एवढं त्यांना माहीत.

१ डिसेंबर, सोमवार

आज समिती. सेठनी न मागता अर्धी सुट्टी दिली. फोन दुपारपासून टेबलावर पालथा. एटापल्लीचा फोन आला नाही. एकदा वाजला, तो गॅसवाला.

संध्याकाळी दुकानात जाऊन बसले. कोट तयार कपड्यांच्या दांडीवर, शेवटच्या हँगरला. वाकडी काजं उसवून मी काल नव्यानं केली, खिशाला हात लावला नाही. जुनी चिंधी काढलीय बाबांनी. नवी टाचलेली नाही.

एक गिऱ्हाईक शर्ट न्यायला आलं. त्याची नजर कोटावर गेली. "कोण्या डॉक्टरचा हाय, मास्तर?"

बाबांनी मशीनवरून मान वर केली नाही. "एटापल्लीले जाते तो. नेणारी अजून इथीच हाय."

मी उद्याच्या सुया ओवत होते. दोरा एका बाजूनं निसटला, पुन्हा ओला करून ओवला.