आधी आवाज, मग संदेश

२ एप्रिल
पोचले एकदाची! जहाज फोटोत दिसतं त्याहून बरंच म्हातारं आहे, आणि माझी खोली इतकी अरुंद की कूस बदलायची तर आधी भिंतीची परवानगी घ्यावी लागेल. पण शिडीच्या टोकाशी ताई उभी होती. तिने सगळ्यांसमोर माझे केस विस्कटले आणि ‘ही आमची छोटी, कानाने भारी तिखट’ अशी ओळख करून दिली. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, त्यामुळे लाजायची सोय नाही. ताई प्रवाशांना घेऊन समुद्राच्या तळाशी जाणारी पाणबुडी चालवते. ती खाली असताना मी वर हेडफोन लावून पाण्यातले आवाज ऐकायचे, हे माझं काम. ताई म्हणाली, आयुष्यभर फुकटात माझं ऐकलं नाहीस, आता पगार घेऊन ऐक.

५ एप्रिल
आज बंदरात पाणबुडी जवळून पाहिली; आतल्या यंत्रावर लिहिलेला संदेश वर जहाजाच्या पडद्यावर झटकन दिसतो. इथे तिला सगळे डबी म्हणतात. एकसारख्या दोन आहेत, थोरली आणि धाकटी. कवच पोलादाचं नाही. काळ्या धाग्यांचे थर चिकट रसायनात बुडवून गुंडाळलेले. ते बनवणाऱ्या इंजिनिअरांना सगळे काका म्हणतात. खोल पाण्याच्या दाबाखाली हे कवच कडकड वाजतं, त्याला इथला शब्द ‘बोटं मोडणं’. डबी बोटं मोडतेय, म्हणायचं आणि हसायचं. काकांनी मला समजावलं की कच्चे धागे तुटतात, उरतात ते पक्के. मी विचारलं, तुटलेले पुन्हा जुळतात का? काकांनी चहा मागवला.

११ एप्रिल
ताईची फेरी पहिल्यांदा माझ्या कानांनी ऐकली. थोरलीने फारच बोटं मोडली, मागच्या फेरीच्या ध्वनिमुद्रणापेक्षा कितीतरी जास्त. काकांचं म्हणणं, तिचं अंग मोकळं होतंय. जेवताना मी ताईला हात जोडून सांगितलं, की या फेऱ्या थांबव. तिचं म्हणणं, मी नवी आहे, कान सरावायला वेळ लागतो. मग तिने तिच्या वाटचं गोड माझ्या ताटात सरकवलं. मला तिचा इतका राग आला होता, तरी मी ते खाल्लं.

१४ एप्रिल
थोरली खाली गेली. ताई आणि दोन प्रवासी. कडकड वाढतच गेली, आणि मग एक आवाज. मोठा नव्हता. लांबच्या खोलीत कुणीतरी जड दार ओढून घ्यावं तसा. त्यानंतर काहीच नाही. मी हेडफोन कानांवर दाबून धरले. तेवढ्यात पडद्यावर ताईचा संदेश उमटला: सगळं ठीक.
मी हसले, रडले, काकांच्या गळ्यात पडले. आधी आवाज, मग संदेश, म्हणजे आवाजानंतरही ताई आहे. सगळ्यांनी तेच म्हटलं.
पुढचा संदेश अजून आलेला नाही.

१५ एप्रिल
थोरली वर आली नाही. काका म्हणतात, यंत्र बंद पडून अडकली असेल, आत हवा अजून पुरेल. मदतीची जहाजं फार लांब आहेत. धाकटी इथेच आहे. जहाजावरचा दुसरा चालक, लंबू, ती न्यायला तयार झाला. ऐकायला कुणीतरी हवं. ताईचं खोकणंसुद्धा मी ओळखते. मला कुणी जा म्हटलं नाही. मीच निघाले.

१६ एप्रिल, पाण्याखाली
वही वर राहिली. सवय सुटत नाही, म्हणून संदेशयंत्रावरच लिहितेय. वर कुणीतरी वहीत उतरवून ठेवा. बाहेर काळोख. धाकटीसुद्धा कडकडतेय. ताई, धीर धर गं, आलेच मी.

१६, अजून खाली
मी ‘सगळं ठीक’ लिहून पाठवलं. मग बऱ्याच वेळाने उतरण्याचा वेग कमी करायला लंबूने डबीला बांधलेलं एक वजन सोडलं, ठणकन आवाज झाला. वरून उत्तर — आधी वजनाचा आवाज ऐकला, मग तुमचं ‘सगळं ठीक’ मिळालं —
उलटं आहे हे. मी आधी लिहिलं. वजन नंतर पडलं.
बंदरातल्या उथळ पाण्यात संदेश झटकन दिसायचा. इतक्या खोलवरून अक्षरं पुसट पोचतात, वरचं यंत्र ती जुळवत बसतं, मग दाखवतं. आवाज मात्र थेट —
म्हणजे ताईने ते लिहिलं आवाजाच्या आधी.
म्हणजे तो आवाज —

माझी ताई नाही. परवाच गेली. मी ऐकलं तिला जाताना, आणि हसले.

लंबूला सांगितलं. तो रडतोय. सगळी वजनं सोडली. वर निघालोय. फार हळू —
कडकड थांबत नाही —

काका, तसाच आवाज आधी आला असेल आणि हे शब्द आत्ता दिसत असतील, तर खाली कुणालाही पाठवू नका. शब्द मागून येतात. आम्ही तिथे ना