शेरा : घेण्यास नकार

हडपसर,
१२ फेब्रुवारी १९८५

ती. काकांस,
माधवचा सा. न. वि. वि.

मी इथे खुशाल आहे. तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्राची रीत म्हणून लिहिलं. गावठाणात बायडाबाई तुपे यांच्या घरी बाहेरच्या अंगाची खोली मिळाली आहे. पाळी साडेतीनला सुटते, कारखाना पायी वीस मिनिटांवर आहे आणि माझ्या कपाटाला कुलूप आहे. हे शेवटचं सुख मला तुमच्या घरी चौदा वर्षांत मिळालं नव्हतं.

आता मुद्द्याचं. हवाई दलाच्या अधिकारी भरतीची लेखी परीक्षा मी पास झालो, हे मला लोणीच्या श्याम काळभोरनं सांगितलं. तो माझ्याबरोबर परीक्षेला बसला होता आणि त्याचं पत्र त्याला मिळालं होतं. माझं पत्र आठ दिवस तुमच्या पंचांगाखाली होतं, फोडलेलं आणि वाचलेलं. विचारलं तर घर तुमचं, म्हणून घरात आलेलं पत्रही तुमचं, असं उत्तर मिळालं. त्या उत्तरामुळेच मी ट्रंक उचलली. उगाच चार लोकांत दुसरं काही सांगू नका.

फॉर्मवर अजून नारायण पेठेचाच पत्ता आहे. तो बदलावा म्हणून मी दिल्लीला लिहिलं आहे. तोवर एकच सूचना. माझ्या नावावर आलेल्या कुठल्याही पत्राला तुम्ही हात लावायचा नाही. घ्यायचं नाही, फोडायचं नाही, ठेवायचं नाही. हे लेखी देतो आहे, कारण तोंडी बोललेलं तुमच्याकडे चालत नाही.

काकूला नमस्कार. लोभ असावा असं शेवटी लिहायची पद्धत आहे. ती जागा सध्या कोरी सोडतो.

माधव

*

नारायण पेठ, पुणे,
१५ फेब्रुवारी १९८५

श्री. माधव अनंत वैशंपायन यांस,
श्रीधर गोविंद वैशंपायन यांचा स. न. वि. वि.

‘चि.’ लिहिणार होतो. पण चिरंजीव घरात राहणाऱ्याला लिहितात, दुसऱ्याच्या भाडेकरूला नव्हे.

आपले १२ तारखेचे पत्र पावले. मी चौतीस वर्षे पोस्टात काढली, त्यातली अकरा पोस्टमास्तर म्हणून. लेखी सूचना म्हणजे काय हे मला कारखान्यात दोन महिने काढलेल्या माणसाने शिकवायची गरज नाही. आपली सूचना फाईलला लावली आहे. ती अक्षरशः पाळली जाईल, आपण निश्चिंत असावे.

बँकेतली जागा, जिच्यासाठी मी तीन जणांच्या घरी जाऊन हात जोडले, ती गेल्या सोमवारी दुसऱ्या मुलाला दिली. बँक वरून खाली पडल्याचे अजून ऐकिवात नाही. विमाने पडल्याचे वर्षातून चारदा पेपरात येते. आपण पेपर वाचत असाल तर दिसले असेल. अनंता आणि आपली आई एका अपघातात गेले तेव्हा आपण नऊ वर्षांचे होता. तेव्हापासून आपल्याला रस्ता ओलांडतानासुद्धा हात धरून नेले. त्याची परतफेड अशी होईल हे ठाऊक असते तर हात सोडला असता असे नाही, पण इतका घट्ट धरला नसता.

आपली काकू साताऱ्याला बहिणीकडे जाते आहे, महिनाभर. तिला हे सर्व कळवण्याची घाई नसावी.

आपला,
श्री. गो. वैशंपायन
(लोभ शिल्लक असल्यास कळवू.)

*

हडपसर,
१४ मार्च १९८५

ती. काकांस, सा. न. वि. वि.

श्यामला मुलाखतीचं बोलावणं आलं. म्हैसूरला, २५ मार्चला. त्याचं पाकीट रजिस्टरनं पाच तारखेला लोणीत पोचलं. आमचे नंबर पाठोपाठचे आहेत, म्हणजे माझंही आलं असणार. दिल्लीहून पत्ता बदलल्याचं काहीच उत्तर नाही. नारायण पेठेत काही आलं आहे का, एवढंच कळवा. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल.

माधव

*

नारायण पेठ, पुणे,
१६ मार्च १९८५

श्री. माधव वैशंपायन यांस, स. न. वि. वि.

होय. दिनांक ४ मार्च रोजी सकाळी अकरा वाजता आपल्या नावाचे एक रजिस्टर पाकीट आले होते. आपल्या १२ फेब्रुवारीच्या सूचनेनुसार (नक्कल सोबत जोडली आहे) मी ते हातात घेतले नाही, फोडले नाही, ठेवले नाही. पोस्टमनकडून त्यावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा लिहवून पाठवणाऱ्याकडे परत रवाना केले.

आणखी काही सूचना असल्यास लेखी द्याव्यात.

श्री. गो. वैशंपायन

*

हडपसर,
१९ मार्च १९८५

श्री. श्रीधर वैशंपायन यांस,

आता मीही तसंच लिहितो, तुम्हाला तेच आवडतं.

काल पगार कापून मोठ्या पोस्टात गेलो. पाकीट पाच तारखेलाच दिल्लीला परत निघालं होतं. खिडकीवरच्या माणसानं तुमचं नाव ऐकून मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, नकार लिहिला की पाकीट एक दिवसही थांबत नाही. घरात माणूस नाही म्हटलं असतं तर सात दिवस पोस्टात राहिलं असतं. आणि पाकिटावर नुसता हडपसरचा पत्ता लिहिला असता तर दोन दिवसांत मला मिळालं असतं. त्याला हात लावणं म्हणत नाहीत, पोस्टमनच्या पेन्सिलीनं तोच लिहितो. हे सगळं त्याला तुम्हीच शिकवलंय, असं तो अभिमानानं सांगत होता.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी रागात काहीतरी खरडलं आणि तुम्ही संधी साधलीत. मी जुलैत तेवीस पूर्ण करतो. पुढच्या परीक्षेला माझं वय बसत नाही. हे एकदाच होतं आणि ते तुम्ही शांतपणे, अकरा वाजता, चष्मा लावून घालवलंत. पोरकं केलंत असं मी कधी म्हटलं नव्हतं, आज म्हणतो.

म्हैसूरला तार केली आहे. उत्तर येईल असं वाटत नाही. मला यापुढे पत्र लिहू नका. ही सूचनाही फाईलला लावा.

माधव वैशंपायन

*

नारायण पेठ,
२४ मार्च १९८५

चि. माधवास, काकूचे अनेक आशीर्वाद.

मी परवा साताऱ्याहून आले. आल्या आल्या टेबलावर तुमची दोघांची फाईल पाहिली. हो, खरोखरची फाईल, वर दोरी बांधलेली. वाचून मला लाज वाटली, तुमची दोघांची. घरात दोन शहाणे आणि दोघांनाही अक्कल नाही.

ह्यांची बाजू घेत नाही. मी असते तर पोस्टमनच्या हातून पाकीट ओढून घेतलं असतं आणि तुझ्या सूचनेची सुरळी करून चूल पेटवली असती. पण तूही काही कमी नाहीस. घ्यायचं नाही, फोडायचं नाही, ठेवायचं नाही, असं वडीलधाऱ्या माणसाला कोण लिहितं रे? आणि तेही ह्यांना? आयुष्यात एक नियम मोडला नाही त्या माणसाच्या हातात तू नियम दिलास.

आता सांगते ते त्यांना कळू देऊ नकोस. रोज सकाळी आंघोळ झाली की मोठ्या पोस्टात जातात आणि दिल्लीची थैली फोडेपर्यंत तिथे उभे राहतात. जुने लोक खुर्ची देतात, बसत नाहीत. मी आले तेव्हा त्यांचं इंग्रजीत काहीतरी लिहिणं चाललं होतं, डिक्शनरी घेऊन. कागद फाडत होते आणि पुन्हा लिहीत होते. मला दाखवलं नाही. काल रजिस्टर करून आले, पोचपावतीसहित. जेवताना मी तुझं नाव काढलं तर उठून गेले. भात तसाच.

कांद्याची चटणी बायडाबाईंकडे पाठवली आहे. तुझी माया कमी झाली असली तरी चटणी खा.

तुझी,
मथुराकाकू

*

म्हैसूर,
२१ एप्रिल १९८५

ती. काकांस, सा. न. वि. वि.

लिहू नका असं सांगून मीच लिहितो आहे. हसायचं असेल तर हसून घ्या.

सहा तारखेला हडपसरला तार आली, दुसऱ्या तुकडीबरोबर पंधराला हजर व्हा. माझ्या तारेमुळे असेल असं मला वाटलं होतं. इथे पाच दिवस पळवलं, लिहायला लावलं, दोऱ्यांवरून लोंबकळवलं. विमानाच्या यंत्रावरची चाचणी झाली, ती आयुष्यात एकदाच देता येते. ती जमली. शेवटी मुलाखत. साहेब पन्नाशीचे, माझ्या कागदांच्या वर त्यांनी एक पत्र ठेवलं होतं आणि अक्षर मी लांबूनच ओळखलं.

त्यांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. पाकीट परत करणारा मीच, मुलाचा काही दोष नाही, असं त्यात होतं. एक ओळ लिहून ते मुलाकडे पाठवता येतं हे मला चौतीस वर्षांच्या नोकरीमुळे ठाऊक होतं, तरी लिहिली नाही, असंही होतं. कारण शेवटी होतं. याचे आईवडील एका दिवशी गेले, हा एकच उरला, आणि याला विमानात बसवायची मला भीती वाटली.

मला त्या खोलीत तुमचा फार राग आला. चौदा वर्षांत ही भीती तुम्ही मला एकदाही सांगितली नाहीत. मला सांगितलंत बँक पडत नाही. आणि ज्याला कधी पाहिलं नाही त्या साहेबाला तीन पानं लिहिलीत. मी काय परका होतो?

साहेबांनी मग विचारलं, एखाद्यानं हुकूम दिला, दुसऱ्यानं तो शब्दशः पाळला आणि त्यात नुकसान झालं, तर चूक कुणाची. मला तुमची सांगायची होती. खरंच, जिभेवर आलं होतं. पण तोंडातून निघालं, हुकूम देणाऱ्याची. साहेबांनी पत्राची घडी घातली.

काल निकाल सांगितला. माझी शिफारस झाली आहे. श्यामची मार्चमध्येच झाली. आता वैद्यकीय तपासणी आणि मग देशभरच्या यादीत नंबर लागला तरच बोलावणं. ते जूनमध्ये रजिस्टरनं येईल आणि नारायण पेठेतच येईल, कारण दिल्लीच्या कागदांत पत्ता अजून बदललेला नाही. तेव्हा माझी १२ फेब्रुवारीची सूचना एवढ्यापुरती बदलतो. ते पाकीट तुम्ही माझ्या वतीनं घ्या. फोडू नका. हेच अधिकारपत्र समजा.

माझा राग गेलेला नाही. तो जाईल तेव्हा कळवीन.

माधव

*

हडपसर, बायडाबाई तुपे यांची पायरी,
११ जून १९८५, दुपारी दोन

चि. माधवास,
काकाचे अनेक आशीर्वाद.

पाकीट आज सकाळी अकराला आले. पोस्टमन दारात उभाच राहिला, पुढे करायला धजेना. त्याला तुझे २१ एप्रिलचे पत्र दाखवले, सही केली आणि घेतले. फोडलेले नाही. उजेडासमोर धरून पाहिलेले नाही. तुझ्या काकूने दोनदा सुचवले, तिलाही दिले नाही.

त्यावर हडपसरचा पत्ता लिहून पेटीत टाकायला पेन उघडले होते. नियमाने तेच बरोबर. उद्या किंवा परवा तुला मिळाले असते. चौतीस वर्षे मी खिडकीवर आलेल्या प्रत्येकाला सांगत आलो, पोस्टावर भरवसा ठेवा, पत्र पोचते. आज माझा तो भरवसा झाला नाही. पेन मिटले आणि बस धरली. सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले होते, बसमध्ये एका हाताने वरून धरून.

तुझ्या दाराला कुलूप आहे. बायडाबाईंनी पाकीट ठेवून जा म्हटले, तेव्हा मी ते रजिस्टर आहे असे सांगितले. त्यांनी चहा दोनदा विचारला. तिसऱ्यांदा न विचारता आणला. बाई बऱ्या आहेत, भाडे मात्र जास्त घेतात.

हे लिहून ठेवतो आहे कारण तू आलास की माझ्याच्याने बोलवणार नाही. आधी पाकीट तुझ्या हातात देईन, मग हा कागद.

तू साहेबांना जे उत्तर दिलेस ते चूक आहे. हुकूम देणारा पोरगा होता आणि रागात होता. पाळणारा एकोणसाठ वर्षांचा होता आणि त्याला सगळे ठाऊक होते. यावर मला उलट उत्तर नको. भीती अजून आहे. ती तू गेल्यावर जास्त होईल आणि मी ती तुला दर आठवड्याला लेखी कळवीन, तुला वाचावी लागेल.

एक सांगतो, हे पाकीट न फोडता सांगतो, तेव्हा नियमभंग नाही. मी आयुष्यभर पाकिटे तळहातावर तोलली आहेत. नकार एका कागदात मावतो, त्याला वजन नसते. हे जड आहे, माधव. बरोबर काय काय सामान आणायचे याची यादी आत असल्याशिवाय पाकीट इतके जड होत नाही.

तुझा राग गेला की कळवणार होतास. त्याची घाई नाही. तुझी पाळी साडेतीनला सुटते, मग वीस मिनिटांचा रस्ता. बसलो आहे.

तुझा,
काका